डिस्क घेण्यापूर्वी तिच्यावरचे चित्र कुठून आले ते पाहा

तुमचे प्रश्न तीन आहेत. वडिलांनी जमवलेल्या सुमारे दोनशे व्हीसीडी ठेवाव्यात की भंगारात द्याव्यात; आत्तेभावाने अमेरिकेहून आणलेली ब्लू-रे तुमच्या प्लेअरवर का लागत नाही; आणि जुने अभिजात चित्रपट, तसेच ज्यांना आपण ‘कल्ट’ म्हणतो ते चित्रपट, आता नव्याने जमवायचे तर सुरुवात कुठून करावी. मी वीस वर्षांहून अधिक काळ डिस्क जमवतो आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचे उत्तर नीट समजले की उरलेल्या दोहोंची उत्तरे सोपी होतात.

एकाच चित्रपटाच्या दोन डिस्क म्हणजे पुष्कळदा दोन वेगळ्या वस्तू असतात, हे आधी मनात पक्के करा. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ घ्या. १९६८ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे नाव आधी ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ असे होते. वितरकाने नाव बदलताना नवी श्रेयपट्टी घातली आणि तिच्यावर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार एवढ्या चुकीमुळे चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला, आणि मग ज्याच्या हाती जी प्रत लागली त्याने ती छापून विकली. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, असे होत होत काळोख नुसता करडा झाला आणि चेहऱ्यांवरचा उजेड पांढरा पडला. मी हा चित्रपट प्रथम अशाच एका स्वस्त डीव्हीडीवर पाहिला आणि तो ओबडधोबडच काढला आहे, असे कित्येक वर्षे धरून चाललो होतो. पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि फिल्म फाउंडेशनने मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून त्याचा जीर्णोद्धार केला व २०१८ साली क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क-प्रकाशकाने तो डिस्कवर आणला. त्या डिस्कवर शेतघराच्या भिंतींवरच्या सावल्या काठापर्यंत स्पष्ट दिसतात, आणि छायाचित्रणात किती विचार होता ते तेव्हा कळते. दोन्ही डिस्कच्या पाठीवर नाव एकच आहे.

म्हणून विकत घेण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारायचा तो असा, की हे चित्र कशावरून घेतले आहे? मूळ निगेटिव्हवरून, त्यावरून काढलेल्या चांगल्या पॉझिटिव्हवरून, थिएटरमध्ये फिरून झिजलेल्या प्रिंटवरून, की वीस वर्षांपूर्वी टीव्हीसाठी केलेल्या टेपवरून? चांगला प्रकाशक हे पुस्तिकेत किंवा वेष्टणाच्या मागे लिहितो. जिथे नुसते ‘डिजिटली रीमास्टर्ड’ असे ठळक छापलेले असते आणि दुसरे काहीच नसते, तिथे मी हात आखडता घेतो.

या बाबतीत मला सर्वांत जवळचे उदाहरण सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचे आहे. १९९२ मध्ये रायना मानद ऑस्कर मिळाले, त्यानंतर त्यांच्या चित्रपटांच्या जतनासाठी मूळ निगेटिव्ह अमेरिकेला जायच्या होत्या. वाटेत लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेत त्या असताना जुलै १९९३ मध्ये तिथे आग लागली. जळून, वाकून, एकमेकांना चिकटून राहिलेली फिल्मची रिळे ऑस्कर देणाऱ्या अ‍ॅकॅडमीच्या संग्रहालयाने टाकून दिली नाहीत. ती तशीच जपली. सुमारे वीस वर्षांनी बोलोन्याच्या ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेतल्या लोकांनी त्या फिल्मला पुन्हा ओलावा देऊन लवचीक केले, तुटलेल्या कडा आणि कडेची छिद्रे हाताने नव्याने बांधली, आणि मग ती स्कॅन केली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग अशा रीतीने जळलेल्या मूळ निगेटिव्हमधून परत मिळाला; उरलेला भाग, आणि ‘अपूर संसार’ जवळजवळ सगळाच, जगभरच्या संग्रहालयांतल्या चांगल्या प्रतींवरून भरून काढला गेला. २०१५ साली हा संच डिस्कवर आला. तळ्याच्या पाण्यावर निवळ्या धावतात ते दृश्य मी त्या डिस्कवर पाहिले, तेव्हा आधीच्या प्रतीत नुसती हलणारी पांढुरकी ठिगळे दिसत होती तिथे एकेक किडा वेगळा दिसला. तुम्ही पहिली महाग डिस्क घेणार असाल, तर माझ्या मते हीच घ्या.

मात्र चित्र जितके स्वच्छ तितकी डिस्क चांगली, असा उलटा नियम करू नका. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ १९२७ साली बर्लिनमध्ये पूर्ण लांबीत दाखवला गेला आणि लगेच कापला गेला. कापलेला भाग कायमचा गेला असे सगळे धरून चालले होते. २००८ साली ब्वेनोस आइरेसच्या चित्रपट संग्रहालयात त्याची १६ मिलिमीटरवर काढलेली दुय्यम निगेटिव्ह सापडली आणि सुमारे २५ मिनिटे परत आली. तो भाग इतका चरे पडलेला आहे की पडद्यावर सतत पाऊस पडत असल्यासारखे वाटते, आणि चौकटही थोडी लहान झालेली असल्यामुळे कडेला काळी पट्टी दिसते. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी ती पट्टी लपवली नाही, चरेही पार पुसून काढले नाहीत. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. जे सापडले ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी कळते.

याच्या अगदी विरुद्ध प्रकार म्हणजे चित्रातले कण घासून काढणे. फिल्मवर काढलेल्या प्रत्येक चित्रात बारीक कण असतात, ते सतत हलत असतात, आणि चेहऱ्याचा तपशील त्या कणांतच असतो. काही प्रकाशक चित्र ‘नवे’ दिसावे म्हणून संगणकाने हे कण पुसतात. मग माणसे मेणाची दिसू लागतात, केसांचा एक गोळा होतो, आणि वस्तूंच्या कडांना पांढरी रेघ येते. डिस्क हातात आली की मी पहिल्याच जवळच्या दृश्यापाशी ती थांबवतो आणि कपाळ, भुवया व कोटाचे कापड पाहतो. कापडाचा पोत दिसला तर निश्चिंत होतो. ही सवय तुम्हीही लावून घ्या. महिन्याभरात डोळा तयार होतो.

चौकटीकडेही असेच पाहावे लागते. ‘कागज़ के फूल’ हा १९५९ सालचा चित्रपट भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी त्यात रिकाम्या स्टुडिओची रुंदी हेच दुःखाचे माप केले आहे. असे २.३५ : १ प्रमाणातले चित्र जुन्या टीव्हीच्या ४ : ३ चौकटीत भरण्यासाठी कडा कापल्या, तर चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जातो. आता उलटे पाप घडते: १९४०च्या दशकातले चौकोनी चित्र रुंद टीव्ही भरावा म्हणून वरून-खालून कापतात आणि कपाळे व पाय गायब होतात. काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणून डिस्क परत करू नका. बहुतेक वेळा त्या पट्ट्या दिग्दर्शकाच्या बाजूने असतात.

कल्ट चित्रपटांबद्दल तुम्ही वेगळे विचारले होते. त्यांची देखभाल मोठ्या स्टुडिओंपेक्षा लहान प्रकाशकांनी अधिक केली आहे. ब्रिटनमधील अ‍ॅरो, इंडिकेटर आणि सेकंड साइट, अमेरिकेतील व्हिनेगर सिंड्रोम आणि सेव्हरिन ही नावे लक्षात ठेवा. आपल्या रामसे बंधूंचे ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’, ‘बंद दरवाज़ा’ हे भयपट ‘मोंडो माकाब्रो’ या परदेशी प्रकाशकाने आधी डीव्हीडीवर आणि नंतर ब्लू-रे संचात आणले. मुंबईत तयार झालेल्या, आपल्याकडच्या तालुक्याच्या थिएटरांत रात्रीच्या खेळाला गर्दी खेचणाऱ्या या चित्रपटांना कुणीतरी निगुतीने, माहितीसह सादर करावे, याचा मला मनापासून आनंद झाला, आणि ते काम इथे व्हायला हवे होते ही खंतही आहे.

आता तुमच्या ब्लू-रेविषयी. डिस्क खराब नाही, प्लेअरही खराब नाही. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग केलेले आहेत: अमेरिका खंड, जपान, कोरिया व आग्नेय आशिया ए विभागात, युरोप, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका व पश्चिम आशिया बी विभागात, आणि भारत, चीन व रशिया सी विभागात. डीव्हीडीचे विभाग निराळे असून त्यात भारत पाचव्या क्रमांकावर येतो. अमेरिकी डिस्कवर ए विभागाचे कुलूप असेल तर इथला प्लेअर ती नाकारणारच. डीव्हीडीचे कुलूप पुष्कळ प्लेअरमध्ये रिमोटवरून काढता येते. ब्लू-रेसाठी मात्र बहुधा आतले हार्डवेअर बदललेला, सर्व विभागांचा प्लेअर घ्यावा लागतो. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग पाचच वेळा बदलता येतो, तेव्हा तिथे प्रयोग करत बसू नका. ४के अल्ट्रा एचडी डिस्कना मात्र विभागाचे कुलूप नसते. फक्त त्याच खोक्यातल्या जोडीच्या ब्लू-रेला ते असू शकते, आणि पुरवणी माहितीपट बहुतेकदा त्या ब्लू-रेवरच असतात. आत्तेभाऊ पुन्हा येणार असेल तर त्याला ४के आवृत्ती आणायला सांगा, आणि जुलै किंवा नोव्हेंबरमध्ये खरेदी करायला सांगा. त्या सुमारास अमेरिकेतल्या दुकानांत क्रायटेरियनच्या डिस्क निम्म्या किमतीत मिळतात. टपालाने मागवल्यास टपालखर्च आणि आयात शुल्क धरून डिस्कची किंमत सहज दुप्पट होते, म्हणून मी वर्षातून एकदाच, यादी करून मागवतो.

ओटीटीवर हे सगळे मिळत असताना डिस्क कशाला, असे तुमच्या पत्नीने विचारल्याचे तुम्ही लिहिले आहे. चित्रपट तिथे आज असतो आणि करार संपला की उद्या नसतो, हे एक कारण. दुसरे कारण चित्राचे आहे. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते, ४के डिस्कवर चित्र व ध्वनी मिळून १२८पर्यंत. ओटीटीवर ४के चित्रसुद्धा साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये बसवलेले असते. धुके, धूर, रात्रीचे आकाश अशा जागी हा फरक लगेच दिसतो, कारण तिथे छटांचे पायरीसारखे पट्टे पडतात. तिसरे कारण सोबतच्या साहित्याचे. १९८४ साली क्रायटेरियनने लेझरडिस्कवर ‘किंग काँग’ आणला, तेव्हा रोनाल्ड हेव्हर यांनी चित्रपट चालू असताना दुसऱ्या ध्वनिपट्टीवर त्याविषयी बोलण्याची प्रथा सुरू केली. माझे चित्रपटशिक्षण बव्हंशी अशा ध्वनिपट्ट्यांवर झाले आहे.

आणि वडिलांच्या व्हीसीडी. त्या भंगारात देऊ नका, निदान यादी केल्याशिवाय नाहीच. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, म्हणजे ब्लू-रेच्या विसाव्या हिश्श्याइतके असते, आणि चित्रपट दोन-तीन डिस्कवर तोडलेला असतो. माझ्याकडच्या एका मराठी चित्रपटाची पहिली डिस्क गाण्याच्या अंतऱ्यातच संपते आणि कंपनीचे चिन्ह नायिकेच्या खांद्यावर शेवटपर्यंत बसून असते. तरीही मी ती ठेवली आहे, कारण त्या चित्रपटाची याहून चांगली प्रत मला आजवर मिळालेली नाही. पुण्यात प्रभातच्या जागेवर उभ्या असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मचे, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मचे, भांडार जळाले, तेव्हा प्रभातच्या मूळ फिल्मही त्यात गेल्या. ज्या मुलखात मूळ वस्तू अशा जातात, तिथे घरातल्या कपाटातली सामान्य प्रतही जपावी, असे मला वाटते.

जपताना एक गोष्ट नीट लक्षात घ्या. व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, त्यामुळे चकचकीत बाजूवरच्या चऱ्यापेक्षा नावाच्या बाजूवरचा चरा जास्त घातक. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, आणि ब्लू-रेत वाचन होते त्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर. डिस्क ट्यूबलाइटकडे धरून आरपार पाहा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला अ‍ॅल्युमिनियमचा थर गेला आहे, आणि ती डिस्क आधी पाहून घ्या. पावसाळ्यात पांढरट बुरशी आली असेल तर ती चष्म्याच्या मऊ कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून काढून साध्या कडक डब्यांत उभ्या ठेवा, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर ते आधी हलवा. घरी लिहिलेल्या डिस्क वेगळ्या काढा. त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर छापील डिस्कच्या मानाने लवकर उडतो.

यादी करताना प्रत्येक चित्रपटाची सगळ्या डिस्क मिळून लांबी लिहा. आपल्याकडच्या व्हीसीडी सेकंदाला २५ चौकटींच्या वेगाने चालतात आणि चित्रपट २४ने काढलेला असतो, म्हणून शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपलेला दिसेल. तेवढी तूट म्हणजे काटछाट नव्हे. त्याहून जास्त तूट दिसली, किंवा उलट लांबी जास्त निघाली, तर तो चित्रपट बाजूला ठेवा. यादी झाली की इथे टाका; प्रभातचे आणि १९५०-६०च्या दशकांतले मराठी चित्रपट मी माझ्याकडच्या प्रतींशी मिनिटागणिक ताडून पाहीन.