मोबाइलवरचे लेखन आणि मराठी : वाचकांचे प्रश्न

व्हॉट्सॲप, ई-मेल आणि समाजमाध्यमे यांमुळे आपल्या लिहिण्यात काय बदल झाला, याविषयी ठाणे आणि नवी मुंबई येथील वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत. प्रश्न थोडक्यात दिले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षिका असून नौपाड्यात राहते. माझा नातू ऐरोलीला असतो. तो मला रोज संदेश पाठवतो, पण सगळे रोमन लिपीत, स्वर गाळून, विरामचिन्हे न देता. तो हुशार आहे, वाचतोही. तरी या पिढीचे लेखन कायमचे बिघडले असे समजायचे का?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु नुकसान नेमके कोठे झाले हे आधी पाहावे लागेल, कारण ज्या गोष्टीचे आपल्याला सर्वांत जास्त वाईट वाटते ती बहुधा सर्वांत कमी हानीची आहे.

रोमन लिपीची सवय केवळ आळसातून आलेली नाही. मोबाइलवरचा एक एसएमएस रोमन लिपीत १६० चिन्हांचा असे, तर देवनागरीत तो ७० चिन्हांतच संपे, आणि त्या ७० मध्ये प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी व पायमोड स्वतंत्रपणे मोजला जाई. 'विद्यार्थी' हा आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा शब्द या हिशेबात दहा चिन्हे खातो. मधल्या जागा धरल्या तर देवनागरीत असे सहाच शब्द एका संदेशात मावत आणि रोमनमध्ये सोळा. त्यातच अनेक फोनमध्ये देवनागरी नसल्याने समोरच्याला अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. पैसे वाचवणारा आणि संदेश पोहोचावा असे वाटणारा माणूस त्या काळात रोमनकडे वळला, हे स्वाभाविक होते. आज ती अडचण उरलेली नाही. सवय मात्र उरली आणि ती घरातल्या मोठ्यांकडून मुलांकडे गेली.

ऱ्हस्व-दीर्घ न पाळणे आणि विरामचिन्हे न देणे या गोष्टीही मराठीला नव्या नाहीत. मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे, शब्दांमध्ये जागा सोडली जात नसे आणि विरामचिन्हे नसत. तरीही दप्तरे चालली, व्यवहार झाले आणि घरोघरची ख्यालीखुशाली कळत राहिली. आपल्या ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. त्या काळी छापलेले पुस्तक बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत वाचणारा माणूस घरचा हिशेब आणि खासगी पत्र मोडीत लिहीत असे. एकच माणूस दोन प्रकारचे लेखन करी, एक काटेकोर आणि एक भराभर, आणि कोणते कधी करायचे याचा त्याला संभ्रम नसे.

संक्षेपांचेही तसेच आहे. 'ती. बाबांस, शि. सा. न.' (तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार) किंवा 'स. न. वि. वि.' (सप्रेम नमस्कार विनंती विशेष) हे पोस्टकार्डावरचे लेखन, मराठी शिकलेल्या पण पत्रे न वाचलेल्या माणसाला आजही उलगडणार नाही. पोस्टकार्ड लहान होते, मजकूर पुष्कळ होता आणि ठरलेले शब्द पूर्ण लिहिण्याची गरज नव्हती. तारेत तर प्रत्येक शब्दाचे पैसे पडत, म्हणून माणसे एका वाक्याचे दोन शब्द करीत. जागा आणि पैसा यांच्या दाबाने भाषा आखडते, आणि लिहिणारा व वाचणारा यांना एकमेकांची ओळख असेल तर त्यात अडत काही नाही. आपल्या नातवाने आपल्याला स्वर गाळून लिहिले, तर त्यात अनादर आहे असे मला वाटत नाही. माझ्या मते आपण त्याच्या बोलण्यातल्या माणूस आहात, म्हणून तो आपल्याशी लिहून बोलतो आहे.

मग बदलले काय? पूर्वी अर्ज फुलस्केप कागदावर, ख्यालीखुशाली पोस्टकार्डावर आणि लग्नाचे निमंत्रण छापील पत्रिकेवर जात असे. कागद हातात घेताच लिहिणाऱ्याच्या मनाची बैठक बदलत असे. आता आजीला, मित्राला, महाविद्यालयाला आणि कचेरीला एकाच पडद्यावरून, एकाच अंगठ्याने, बहुतेक वेळा एका मिनिटाच्या अंतराने लिहिले जाते. साधन काहीच सुचवत नाही, म्हणून भेद लिहिणाऱ्याने स्वतः मनात जागता ठेवावा लागतो, आणि तो ठेवायला कोणी शिकवलेले नसते. प्राध्यापकांना सुटीचा अर्ज पाठवताना मित्राला लिहावे तसे तीन तुटक ओळींत लिहिणारा मुलगा उद्धट नसतो, तर एका लेखनातून दुसऱ्या लेखनात शिरण्याचे दार त्याला सापडलेले नसते.

खरे नुकसान मला दोन ठिकाणी दिसते. पहिले लिपीचे. रोमनमध्ये 'गाडी' आणि 'गादी' एकच होतात, 'पण' आणि 'पान' एकच होतात, 'ळ' व 'ल', 'ण' व 'न' यांच्यातला फरक डोळ्यांना दिसेनासा होतो. मोडी ऱ्हस्व-दीर्घ सोडत असे, परंतु ट-त, ड-द, ण-न, ळ-ल यांची अक्षरे वेगळी ठेवत असे. जे मूल रात्रंदिवस रोमनमध्ये मराठी लिहिते त्याच्या देवनागरी लेखनात 'ण' च्या जागी 'न' येऊ लागतो, आणि तो त्याला चुकीचा वाटत नाही.

दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. संदेश पाठवताना आपण एक विधान करतो, ते पाठवतो, मग दुसरे करतो. दोन्हींच्या मध्ये समोरच्याचे उत्तरही येऊन पडते. त्यामुळे 'जरी-तरी', 'ज्याअर्थी-त्याअर्थी', 'म्हणून', 'कारण', 'परंतु' असे विधानांना बांधणारे शब्द लागतच नाहीत. गप्पांत ते लागू नयेत हेही खरे. पण एखादी तक्रार मांडायची असते, एखाद्या निर्णयामागची कारणे सांगायची असतात, तेव्हा चार गोष्टी एका वाक्यात परस्परांशी जोडून, त्यांतली मुख्य कोणती आणि गौण कोणती हे दाखवावे लागते. तो सराव हातातून गेला, की माणसाला विचार असूनही तो मांडता येत नाही. मला शुद्धलेखनापेक्षा याची चिंता जास्त आहे, कारण चुकलेली वेलांटी दुसरा कोणी दुरुस्त करील, पण न जोडलेला विचार त्याच्या वतीने दुसरा कोणी जोडू शकत नाही.

आपण शिक्षिका आहात, म्हणून सुचवतो. रोजच्या संदेशांत चुका काढू नका. त्यामुळे तो लिहिणेच कमी करील. आपण मात्र त्याला देवनागरीतच उत्तरे देत राहा. आणि महिन्यातून एकदा त्याच्याकडून एक लांब ई-मेल मागा, ज्यात एखाद्या प्रश्नाचे सकारण उत्तर असेल : वसतिगृहात राहावे की घरून जावे, ही नोकरी घ्यावी की पुढे शिकावे. विषय त्याच्या जिव्हाळ्याचा असला, तर ते जोडणारे शब्द आपसूक परत येतात.

प्रश्न : नेरूळ येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. फलकावरच्या सूचना आता व्हॉट्सॲपवरही पाठवतो. सूचना लहान आणि स्पष्ट असूनही गोंधळ होतात. 'उद्या सकाळी पाणी येणार नाही' असा संदेश पाठवला, तर तो तीन दिवस फिरत राहतो आणि लोक टाक्या भरून ठेवतात. लिहिण्यात काय चुकते?

उत्तर : 'उद्या' हा शब्द चुकतो. फलकावरची सूचना एका भिंतीवर असते. तिची वेळ टळली की शिपाई ती काढतो. मोबाइलवरची सूचना काढणारा कोणी नाही. ती एका गटातून दुसऱ्या गटात, नेरूळहून सानपाड्याला आणि तेथून घणसोलीला जाते, आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर पाठवण्याची नवी वेळ उमटते. त्यामुळे मंगळवारी लिहिलेला 'उद्या' गुरुवारी वाचणाऱ्याला शुक्रवार वाटतो. त्याच कारणाने 'आपल्या इमारतीत', 'आज संध्याकाळी', 'वरील विषयासंबंधी', 'काल ठरल्याप्रमाणे' हे शब्दही निरुपयोगी ठरतात, कारण ते बोलणारा व ऐकणारा एकाच जागी आणि एकाच वेळी आहेत असे गृहीत धरतात. समोरासमोर बोलताना ते उत्तम काम करतात. आपले संदेश बोलण्याच्या चालीवर लिहिले जात असल्याने ते नकळत सूचनांतही शिरले आहेत.

जिचा कोणताही तुकडा कोणालाही, कधीही वाचायला मिळाला तरी दिशाभूल होणार नाही, अशी सूचना लिहावी. संस्थेचे नाव, इमारत, तारीख, वार आणि 'सकाळी ९ ते दुपारी १' अशी वेळ पहिल्याच वाक्यात यावी, कारण अनेकांना फोनच्या बंद पडद्यावर पहिल्या दोन ओळीच दिसतात आणि ते तेवढ्यावरच निर्णय घेतात. तारीख आणि वार दोन्ही द्यावेत. एकात चूक झाली, तर दुसऱ्यावरून ती उघड होते. शेवटी सूचना काढणाऱ्याचे पद आणि काढल्याची तारीख असावी. हे सर्व जुन्या नोटिशीतही होतेच. छोट्या पडद्यावर ते पाल्हाळ वाटल्यामुळे गाळले गेले, आणि ज्या माध्यमात त्याची गरज सर्वांत अधिक होती तेथेच ते नाहीसे झाले.

एक वेगळी गोष्टही सांगावीशी वाटते. सूचनेखाली जी चर्चा सुरू होते तिच्यात सूचना बुडून जाते, म्हणून सूचनांसाठी केवळ पदाधिकाऱ्यांनाच लिहिता येईल असा स्वतंत्र गट ठेवावा. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस मात्र उपविधींत सांगितलेल्या रीतीनेच बजवावी. व्हॉट्सॲपवरचा संदेश तिची आठवण करून देण्यापुरता असावा.

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्याला राहते. माझे वडील माझ्या प्रत्येक संदेशाला 'ठीक आहे.' असे उत्तर देतात, पूर्णविरामासह. मला ते रागावल्यासारखे वाटते. आई म्हणते, ते तसेच लिहितात. मी उगाच मनाला लावून घेते का?

उत्तर : आपल्याला जे वाटते त्याला कारण आहे, आणि वडील रागावलेले नाहीत हेही बहुधा खरे आहे.

मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम ही पाश्चात्त्य विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. छापील परिच्छेदात वाक्य कोठे संपले हे दाखवणे एवढेच पूर्णविरामाचे काम होते. संदेशात ते काम संदेशाची चौकटच करते. पाठवले, की वाक्य संपले. त्यामुळे पूर्णविराम तेथे गरजेचा राहत नाही, आणि जे चिन्ह गरजेशिवाय दिले जाते त्याला वाचणारा काहीतरी हेतू चिकटवतो. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना पूर्णविराम असलेली एकशब्दी संदेशोत्तरे, तो नसलेल्या उत्तरांपेक्षा कमी मनापासूनची वाटली. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. ते विद्यार्थी इंग्रजीत वाचत होते, म्हणून निष्कर्ष जसाच्या तसा मराठीला लावू नये. तरी आपल्या पत्रातला अनुभव त्याच जातीचा आहे.

आपले वडील शाळेत ज्या नियमाने लिहायला शिकले तो नियम ते पाळतात. पूर्णविराम न देणे त्यांना अर्धवट वाटत असेल, आणि तो देणे आपल्याला कोरडे वाटते. दोघेही आपापल्या रीतीने नीटच लिहीत आहात. त्यांना एकदा प्रत्यक्ष सांगून टाका. वडिलांना याची कल्पनाही नसण्याचा संभव मोठा आहे. त्यांच्या एखाद्या संदेशाला आपल्याकडून उत्तर म्हणून 'हम्म' किंवा नुसता अंगठा पोहोचला, तर तो त्यांना कसा वाटतो, हेही त्यांना विचारून पाहा.

प्रश्न : मी कोपरखैरणे येथे राहून पदवीचा अभ्यास करतो. फोनवर मराठी लिहिताना कळफलक 'कवि', 'गुरु' असे शब्द सुचवतो, तर पुस्तकात 'कवी', 'गुरू' असते. 'दुसऱ्या' लिहिताना कधी 'दुसर्या' उमटते. बोलून टंकलेखन केले, तर विरामचिन्हे येत नाहीत. कशावर विश्वास ठेवावा?

उत्तर : पुस्तकावर. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये १४ आणि १९७२ मध्ये आणखी ४ लेखननियम ठरवले, आणि शासनाने ते स्वीकारले. त्यांनुसार शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहायचा, म्हणून कवी आणि गुरू. समासात असा शब्द आधी आला, तर तो ऱ्हस्वच राहतो, म्हणून कविमन आणि गुरुदक्षिणा. 'आणि', 'परंतु', 'तथापि' ही अव्यये अपवाद. 'कवि', 'गुरु' ही संस्कृत व हिंदीतली रूपे कळफलक पुढे करत असला, तरी पर्यायांच्या पट्टीत मराठी रूप बहुधा शेजारीच असते; ते निवडावे.

'दुसऱ्या' चा प्रश्न अर्थाशी निगडित आहे. 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला आणि 'आचार्यास' म्हणजे गुरूला. रफार आणि अर्धा र यांतला हा भेद मराठीने जपला आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलकावर शिफ्टसह 'र' ची कळ दाबली की खाली टिंब असलेला 'ऱ' मिळतो, त्यापुढे पायमोड आणि 'य' द्यावा. उच्चारानुसारी कळफलकावर शब्द अर्धा लिहून थांबावे आणि पट्टीतून योग्य रूप घ्यावे.

बोलून लिहिलेला मजकूर कच्चा मसुदा मानावा. त्यात 'केलं', 'असं' अशी बोलीतली रूपे येतात. ती संवादात चालतात, प्रबंधात 'केले', 'असे' करावीत. बोलताना आपण ज्या जागी श्वास घेतो तेथेच स्वल्पविराम हवा असे नसते, म्हणून विरामचिन्हे सगळे बोलून झाल्यावर, मजकूर स्वतः एकदा मोठ्याने वाचून, हातानेच द्यावीत.