पट घटतोय, तरी बेसा भागात 15 खोल्या बांधाव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या महाल भागातल्या तुमच्या अनुदानित मराठी शाळेचा पट दरवर्षी उतरतोय. संस्थेची शहराच्या दक्षिणेला बेसा भागात जागा आहे आणि कार्यकारिणीतल्या काहींना तिथे कर्ज काढून 15 खोल्यांची तीन मजली इमारत हवी आहे, वर ज्युनिअर कॉलेजही. त्यांचं म्हणणं, नागपूर आता तिकडेच वाढतंय. माझी नोकरी शाळाखोल्यांची अंदाजपत्रकं करण्यात गेली आणि त्यातल्या काही खोल्या पुढे कुलूपबंद झालेल्याही पाहिल्या, म्हणून सविस्तर लिहितो. मत आधीच सांगतो: जागा सोडू नका, पण 15 खोल्या एकदम बांधू नका.

नागपूर दक्षिणेला वाढतंय हे खरंच आहे. पण फ्लॅट वाढले म्हणून पहिलीत येणारी मुलं तेवढीच वाढतील असं नाही. महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 ला 1.9 होता, 2019-21 ला 1.7 झाला. पिढी भरून निघायला साधारण 2.1 लागतो. देशातली शाळांची पटसंख्या यूडायस या शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीनुसार 2023-24 मध्ये 24.80 कोटी होती, 2024-25 मध्ये 24.69 कोटी. त्याआधीच्या आकड्यांशी तुलना मात्र जपून करा. 2022-23 पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद घेतली जाते, त्यामुळे दुबार नावं गळाली. आपल्याकडे 2011 च्या ऑक्टोबरमध्ये बोटाला शाई लावून पटपडताळणी झाली होती तेव्हाही कागदावरचा आणि वर्गातला पट यांतला फरक असाच उघडा पडला होता.

आता तुमच्या शाळेकडे या. एकूण पट बघून काही कळत नाही. गेल्या दहा वर्षांचा इयत्तावार पट एका कागदावर मांडा: आडव्या ओळीत इयत्ता, उभ्या रकान्यात वर्षं. मग तो तिरका वाचा. यंदा पहिलीत 40 असतील तर पुढच्या वर्षी दुसरीत किती उरले, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरीत किती? पहिलीचा रकानाच खाली येत असेल तर महालात लहान मुलं कमी झाली किंवा पालक सुरुवातीपासूनच इंग्रजी माध्यमाकडे वळतायत. पहिली टिकून आहे आणि पाचवीला गळती दिसतेय, तर मुलं तुमच्याकडून दुसरीकडे जातायत. त्याचं कारण शिकवण्यात, माध्यमात किंवा रिक्षाच्या भाड्यात शोधावं लागेल, बेसाच्या इमारतीनं ते जाणार नाही. करोनाची दोन वर्षं या हिशोबातून बाजूला ठेवा.

बेसा भागाचा अंदाज बांधताना एक चूक हमखास होते, ती म्हणजे महापालिकेकडचे जन्मनोंदीचे आकडे घेणं. जन्माची नोंद जिथे प्रसूती झाली तिथे होते. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत जन्मलेली मुलं राहायला बेसा, हुडकेश्वर, नरसाळा कुठेही असतील. त्यापेक्षा त्या भागातल्या अंगणवाडी सेविकांना भेटा. त्यांच्याकडे घरोघरच्या सर्वेक्षणाची नोंदवही असते आणि सहा वर्षांखालची मुलं त्यात वयानुसार सापडतात. फ्लॅट स्कीममधली सगळी घरं त्यात येतीलच असं नाही, म्हणून आसपासच्या बालवर्गांचा पटही विचारा. मग त्या दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात आधीच किती शाळा आहेत ते मोजा. हे काम कार्यकारिणीतल्या दोघा-तिघांनी पायी फिरून करावं, सल्लागारावर सोपवू नये.

पुढचा हिशोब तर कार्यकारिणीत फळ्यावरच मांडा. नर्सरी, केजीचे दोन वर्ग आणि दहा इयत्ता मिळून 13 वर्ग. तिन्ही बालवर्ग आणि पहिली एकदम सुरू केली तर पहिल्या वर्षी 4 खोल्या लागतात. त्यानंतर दरवर्षी एकच वर्ग वर सरकतो, म्हणजे दहावीची खोली दहाव्या वर्षी भरेल. बँकेचा हप्ता मात्र पहिल्या वर्षापासून 15 खोल्यांचा. तो हप्ता शेवटी फीमध्ये चढतो आणि ज्या कामगार-कारकून कुटुंबांसाठी संस्था उभी राहिली तीच दाराबाहेर राहतात. मला या सगळ्या बेतात सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

बेसाची शाळा अनुदानावर चालेल असंही कुणी धरू नये. नवी शाळा महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियम, 2012 खाली काढावी लागेल आणि महालातले अतिरिक्त ठरलेले शिक्षक त्यांच्या पगारासह तिकडे सरकवता येणार नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागा द्याव्या लागतील. त्या मनापासून द्या, पण त्यांच्या फीपोटी सरकार परत देतं ती प्रतिपूर्तीची रक्कम हप्त्याच्या हिशोबात धरू नका. ती वेळेवर येत नाही. कंत्राटावरचा 18 टक्के जीएसटी अंदाजपत्रकात आहे का, तेही तपासा. शालेय शिक्षण करमुक्त असल्यानं तो तुम्हाला वळता करून मिळत नाही.

बांधायचंच तर टप्प्यानं बांधा. पाया आणि कॉलम तीन मजल्यांचे डिझाइन करून घ्या, वर फक्त तळमजला चढवा. काळी माती लागली तर पायाचा खर्च वाढतो, म्हणून मातीची तपासणी अंदाजपत्रकाच्या आधी, नंतर नव्हे. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या उघड्या गंजू देऊ नका, त्यांना कमी दर्जाच्या काँक्रीटचं आवरण घाला. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते, म्हणून सगळे स्लॅब मेमध्ये उरकतात. 45 अंशांत टँकरचं पाणी दोन दिवस मारून क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) थांबवलं की चार पावसाळ्यांत छत गळतं. आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक अशा कोरड्या-उष्ण हवेत साध्या सिमेंटला किमान 10 आणि फ्लाय अॅशसारखं मिश्रण असलेल्या सिमेंटला 14 दिवस ओलावा सुचवतं. स्लॅबवर गोणपाट अंथरा, पाण्याचे वाफे बांधा आणि रोज कुणीतरी वर जाऊन डोळ्यांनी पाहा. जमलं तर स्लॅब नोव्हेंबरात टाका.

तुम्ही जाता जाता विचारलंत की पट घटत असताना सरकारी शाळांत बांधकामं का निघतात. एक तर बरीचशी नवी खोली वाढीव नसते, निर्लेखन झालेल्या, म्हणजे वापरातून बाद ठरवलेल्या धोकादायक खोलीच्या जागी ती येते आणि ती यायलाच हवी. दुसरं, समग्र शिक्षा, जिल्हा नियोजन, आमदार निधी यांतला बांधकामाचा पैसा शिक्षकाच्या पगाराला किंवा स्वच्छतागृह साफ करणाऱ्या माणसाला देता येत नाही. म्हणून खोली होते आणि झाडायला कुणी नसतं.

ज्युनिअर कॉलेजचा मजला सध्या विसरा. नागपुरात अकरावी विज्ञानाची कित्येक मुलं क्लासशी संधान बांधलेल्या कॉलेजांत नावापुरती असतात, प्रामाणिकपणे वर्ग घेणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहतात. प्रयोगशाळांचा खर्च त्या पटावर निघणार नाही.

पुढच्या सभेआधी तीन कागद तयार ठेवा: महालाचा दहा वर्षांचा इयत्तावार पट, बेसा भागातल्या सहा वर्षांखालच्या मुलांची यादी आणि महालाच्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट. तिसरा कागद कुणी मागितलेला नाही, पण आज मुलं तिथे बसतायत. त्यात दुरुस्ती निघाली तर पहिला पैसा तिथेच लावा. इयत्तावार पट इथे टाकलात तर मी स्वतः वाचून सांगेन.