पर्यावरणशास्त्राच्या पदवीत परदेशातील एक सत्र : आधी प्रश्न, मग देश

प्रश्न : माझी मुलगी पुण्यातील एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र विषय घेऊन बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयाचा जर्मनीतील एका विद्यापीठाशी करार असून तिसऱ्या वर्षी एक सत्र तिथे शिकता येते. शिक्षणशुल्क माफ आहे, राहण्याचा खर्च मात्र आमचा आम्हीच करायचा आहे. याशिवाय एका खासगी संस्थेने युरोपातील चार आठवड्यांच्या ‘पर्यावरण अभ्यास कार्यक्रमा’चे माहितीपत्रक दिले आहे. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की, हे पैसे एम. एस्सी.साठी राखून ठेवावेत. मुलीला नद्यांच्या प्रदूषणात रस आहे आणि मागच्या वर्षी तिने मुठेच्या पाण्यावर एक छोटा प्रकल्प केला होता. तिला पाठवावे का, आणि परत आल्यावर या सत्राचा इथे काही उपयोग होईल का?
– एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे मुलीने मुठेच्या पाण्यावर केलेला प्रकल्प. परदेशी शिक्षणाविषयी येणाऱ्या बहुतेक पत्रांत देश, विद्यापीठाचे मानांकन आणि खर्च यांची विचारणा असते. विद्यार्थ्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, याचा उल्लेख क्वचितच असतो. तुमच्या मुलीकडे तो प्रश्न आहे, तोही तिच्या घराजवळून वाहणाऱ्या नदीचा. म्हणून माझे उत्तर तत्त्वतः ‘जरूर पाठवा’ असे आहे. मात्र तिसऱ्या वर्षी पाठवावे की नाही, याबद्दल माझे मत वेगळे आहे आणि त्याची कारणे मी पुढे सविस्तर देत आहे.

नद्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीला जर्मनीत शिकण्यासारखे खरोखर पुष्कळ आहे. 1 नोव्हेंबर 1986 रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल शहराजवळ रसायनांच्या एका गोदामाला आग लागली, ती विझवताना वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके पुढे जर्मनीतून वाहणाऱ्या ऱ्हाइन नदीत वाहून गेली आणि नदीतील मासे फार मोठ्या प्रमाणावर मेले. त्यानंतर वर्षभरातच ऱ्हाइनकाठच्या देशांनी एकत्रित कृती कार्यक्रम स्वीकारला आणि सामन मासा नदीत परत यावा, हे त्याचे एक उद्दिष्ट ठरवले. पाण्यातील एखाद्या रसायनाचे प्रमाण इतक्या टक्क्यांनी घटवू, असे म्हणण्याऐवजी एक मासा परत आणू, असे म्हणण्यात नदीकडे पाहण्याची एक निराळी शास्त्रीय दृष्टी आहे. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या जलविषयक निर्देशाने हीच दृष्टी नियमात आणली, आणि नदीची स्थिती ठरवताना रासायनिक चाचण्यांबरोबर तळाशी राहणारे अपृष्ठवंशी जीव, डायटम शैवाल, पाणवनस्पती आणि मासे यांची पाहणी करणे तिथे बंधनकारक झाले. आपल्याकडे पदवीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी प्रामुख्याने विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), सामू आणि कोलिफॉर्म जिवाणू मोजायला शिकतात. ते आवश्यकच आहे, पण त्यातून नमुना घेतला त्या घटकेचे पाणी कळते. त्या पाण्यात गेले कित्येक महिने कोण जगू शकले आणि कोण नाही, हे जीव पाहूनच कळते, आणि ते ओळखायला तज्ज्ञाशेजारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसावे लागते. तुमच्या मुलीने एका सत्रात एवढे एक कौशल्य नीट आत्मसात केले, तरी खर्च सार्थकी लागेल.

दुसरे उदाहरण एम्शर नदीचे आहे आणि ते पुणेकरांनी विशेष लक्षपूर्वक पाहावे असे मला वाटते. जर्मनीतील रूर या औद्योगिक भागात कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचत असे, त्यामुळे भूमिगत सांडपाणी वाहिन्या टाकणे शक्य नव्हते आणि ही नदी शंभरहून अधिक वर्षे उघडे गटार म्हणून वापरली गेली. खाणकाम ओसरल्यावर 1992 मध्ये नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले. आधी सांडपाण्यासाठी सुमारे 51 किलोमीटर लांबीची स्वतंत्र भूमिगत मुख्य वाहिनी बांधली गेली, आणि 2021 च्या अखेरीस एम्शर सांडपाण्यापासून मुक्त झाली. या कामाला जवळपास 30 वर्षे आणि सुमारे साडेपाच अब्ज युरो लागले. आधी सांडपाणी वेगळे करायचे आणि मग काठ सुशोभित करायचे, हा क्रम तिथे कोणत्या कारणांनी ठरला, पैसा कुठून आला, काठावरच्या नगरपालिका एकत्र कशा राहिल्या, हे प्रश्न मुळा-मुठेच्या काठावर वाढलेल्या मुलीने तिथल्या प्राध्यापकांना विचारावेत, यापेक्षा चांगला अभ्यास कोणता असेल?

मात्र तिथली उत्तरे इथे जशीच्या तशी लागू पडणार नाहीत, हेही तिला जाण्यापूर्वीच माहीत असायला हवे. ऱ्हाइनला आल्प्समधील बर्फाचे पाणी मिळते आणि ती बाराही महिने वाहते. मुठेचा प्रवाह पावसाळ्याच्या चार महिन्यांवर आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणांवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात शहरातून जे वाहते त्यात नैसर्गिक प्रवाह किती आणि सांडपाणी किती, हाच मूळ प्रश्न असतो, आणि ते पाणी पुढे भीमेतून उजनीच्या जलाशयात जाऊन साठते. म्हणून तिने जाण्यापूर्वी मुठेच्या किमान एका संपूर्ण पावसाळ्याची आणि त्यानंतरच्या उतरत्या प्रवाहाची व्यवस्थित नोंद केलेली असावी. हाताशी स्वतःची आकडेवारी असलेल्या विद्यार्थिनीला तिथला प्राध्यापक सहकारी म्हणून वागवतो. आकडेवारी नसेल तर ती वर्गातली आणखी एक पाहुणी ठरते. आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर संशोधन चालते, ती तर पुण्यातच आहे. तिथल्या संशोधकांना आधीच भेटून नमुने घेण्याची पद्धत समजून घ्यावी.

आता तिसऱ्या वर्षाच्या अडचणीकडे येतो. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते, वर्ग साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्याच सुमारास किंवा मार्चमध्ये होतात. उन्हाळी सत्र एप्रिल ते जुलै असे असते. आपल्याकडचे पहिले सत्र जून-जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत आणि दुसरे डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिल-मेपर्यंत चालते. म्हणजे तिथले कोणतेही एक सत्र इथल्या दोन सत्रांवर आडवे पडते. हिवाळ्यात गेल्यास पाचव्या सत्राची परीक्षा हुकते आणि सहाव्या सत्राचे निम्मे वर्ग बुडतात. महाविद्यालयाने यासाठी काय तजवीज केली आहे, हे तोंडी आश्वासनावर न ठेवता लेखी घ्या. तिथल्या कोणत्या विषयाबद्दल इथला कोणता विषय माफ होणार, हे जाण्यापूर्वीच ठरवून त्यावर विद्यार्थिनी, महाविद्यालय आणि परदेशी विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असलेला अभ्यासकरार तयार व्हायला हवा. असा करार करण्याची महाविद्यालयाची तयारी नसेल, तर शिक्षणशुल्क माफ असूनही ही संधी महागात पडेल, कारण एक वर्ष वाया जाण्याची शक्यता राहील.

श्रेयांकांच्या, म्हणजे क्रेडिटच्या, हिशेबातही बारकाईने लक्ष घाला. युरोपीय पद्धतीत एका सत्राचे 30 श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे एकूण 25 ते 30 तासांचे काम, म्हणजे वर्गातले आणि घरचे मिळून, मोजले जाते. आपल्याकडे तासिकांच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे वर्गातले 15 तास असतात आणि महाराष्ट्रात एका सत्राला साधारण 20 ते 22 श्रेयांक असतात. त्यामुळे तिथले 30 श्रेयांक इथे 30 म्हणून जमा होणार नाहीत. ढोबळमानाने तीनास दोन हे प्रमाण धरावे, परंतु नेमके रूपांतर ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाचा आहे.

या सगळ्याचा विचार करून माझा सल्ला असा आहे की, करारात मुभा असेल तर तिने चौथ्या वर्षी जावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथे वर्ष करून संशोधनासह ऑनर्स पदवी घेण्याचा पर्याय आहे आणि त्यात 12 श्रेयांकांचा संशोधन प्रबंध असतो. ज्या वर्षी कामाचा मोठा वाटा प्रबंधाचा असतो, त्या वर्षी सत्रांच्या तारखा न जुळण्याचा त्रास सर्वांत कमी होतो. जून ते सप्टेंबर मुठेवर नमुने घ्यायचे, ऑक्टोबरमध्ये जर्मनीला जाऊन विश्लेषणाच्या पद्धती शिकायच्या आणि मार्चमध्ये परतून प्रबंध पूर्ण करायचा, असा आराखडा मला तिच्या विषयाला अगदी योग्य वाटतो. तोवर तिचा जर्मन भाषेचाही अभ्यास होईल. वर्ग इंग्रजीत असले तरी सांडपाणी प्रकल्पावरचा कर्मचारी आणि नदीकाठचा शेतकरी जर्मनच बोलतो, आणि क्षेत्रकार्यात शिकण्यासारखे बरेचसे त्यांच्याकडूनच मिळते. रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग किंवा मॅक्स म्यूलर भवन, दोन्हीकडे शिकण्याची उत्तम सोय आहे.

एक सूचना इथेच देतो, कारण उत्साहाच्या भरात ती राहून जाते. मुठेच्या पाण्याचे, गाळाचे किंवा शेवाळाचे नमुने सामानात ठेवून परदेशी प्रयोगशाळेत नेऊ नयेत. जैविक नमुने देशाबाहेर नेण्याला 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या अटी लागू होतात आणि माती व वनस्पतींबाबत तिकडचेही निर्बंध असतात. आकडेवारी, छायाचित्रे आणि नोंदी न्याव्यात, आणि नमुन्यांची गरज असेलच तर मार्गदर्शक प्राध्यापकांमार्फत रीतसर विचारणा करावी.

खर्चाबाबत तुमच्या यजमानांचे म्हणणे मला वजनदार वाटते. जर्मन व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या निर्वाहाची रक्कम सप्टेंबर 2024 पासून महिना 992 युरो धरली जाते. सहा महिन्यांचे जवळपास 6,000 युरो, म्हणजे एका युरोला शंभर रुपये धरले तरी सुमारे 6 लाख रुपये होतात. शिवाय विमानप्रवास, आरोग्यविमा आणि व्हिसाचा खर्च वेगळा. आणि मोठ्या शिष्यवृत्त्या बहुतेक पदव्युत्तर टप्प्यावरच आहेत, हे खरे आहे. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस योजनेतील संयुक्त एम. एस्सी. अभ्यासक्रमांत निवड होऊन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 1,400 युरो मिळतात. डाड या जर्मन संस्थेच्या विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्तीसाठी पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्ती योजनाही प्रामुख्याने पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच. डी.साठीच आहेत. म्हणून घरची सगळी शिल्लक या एका सत्रावर खर्च करू नये, आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये. पदवीच्या टप्प्यावरही एक मार्ग मात्र आहे. इरास्मस प्लस योजनेत दोन विद्यापीठांमधील करारांतून होणाऱ्या अदलाबदलीसाठी प्रवासखर्च आणि मासिक भत्ता मिळू शकतो. तुमच्या महाविद्यालयाचा करार त्या योजनेत बसतो का, हे आंतरराष्ट्रीय कक्षात विचारा. बसत असेल आणि तिची निवड झाली, तर पैशांचा प्रश्न बराचसा सुटेल.

खासगी संस्थेच्या चार आठवड्यांच्या कार्यक्रमाबद्दल मी थोडक्यात सांगतो : पाठवू नका. ज्या कार्यक्रमाचे श्रेयांक पदवीत जमा होत नाहीत, मूल्यमापन कोण करणार हे माहितीपत्रकात लिहिलेले नसते आणि दर तीन-चार दिवसांनी शहर बदलते, ती सहल आहे. सहलीत गैर काही नाही, पण तिला अभ्यास समजून पैसे भरू नयेत.

परत आल्यावर उपयोग काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. भारतातील पर्यावरणाचे काम भारतीय कायद्यांनुसारच चालते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची 2006 ची अधिसूचना, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानग्या, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, ज्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे, हे सगळे जिला येत नाही तिला केवळ जर्मन विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर इथे काम मिळणार नाही. त्यामुळे हे विषय ज्या सत्रात शिकवले जातात, ते सत्र अभ्यासकरारात कोणत्याही परिस्थितीत माफ करून घेऊ नका. याउलट युरोपीय नियम जवळून पाहिलेल्या व्यक्तीची गरज पुण्यात वाढत चालली आहे, आणि ती केवळ नद्यांपुरती नाही. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनिअम, सिमेंट, खते यांसारख्या आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावर आकारणीची पद्धत आणली आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून तिच्यात अहवाल देणे सुरू झाले आणि 1 जानेवारी 2026 पासून तिचा पूर्ण टप्पा लागू झाला. चाकण-भोसरीतून युरोपात पोलादी बोल्ट पाठवणाऱ्या लहान कारखानदारालाही आता उत्सर्जनाचा हिशेब मांडावा लागतो आणि तो मांडून देणारी माणसे कमी आहेत. नदीशास्त्राबरोबर कार्बन लेखांकनाचा एक विषय तिने तिथे घेतला, तर नोकरीचे दार बरेच रुंद होईल, असे मला खात्रीने वाटते.

पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन विभागप्रमुखांना भेटा आणि चौथ्या वर्षी जाता येईल का, कोणते विषय माफ होतील, करार इरास्मस प्लसमध्ये येतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे ईमेलवर मागवा. तिच्या पासपोर्टची मुदतही तपासून ठेवा. 90 दिवसांहून अधिक मुक्कामासाठी शेंगेन व्हिसा चालत नाही, जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून प्रवेशपत्र हाती येताच अर्जाच्या तयारीला लागा. आणि येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडण्याआधी तिने मुठेवरची आपली नमुना घेण्याची ठिकाणे निश्चित करून ठेवावीत. चौथ्या वर्षाला अवकाश असला, तरी या पावसाळ्याच्या नोंदी पुन्हा मिळणार नाहीत.