झाडाच्या फांदीपासून पहिली गुलेल करायची आहे. लाकूड कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात राहता, दहा वर्षांच्या मुलीने आजोबांच्या गुलेलीच्या गोष्टी ऐकल्यापासून घर डोक्यावर घेतलंय, बाजारातली प्लास्टिकची तिला नको. हातात करवत कधी धरली नाही. अंगणात कडुलिंब आहे, त्याची फांदी चालेल का?

चालेल. पण जांब मिळाला तर आधी जांब घ्या. (जांब म्हणजे पेरू. पुण्याकडचं कोणी वाचत असेल तर गुलेल म्हणजे तुमची गलोल किंवा बेचकी.)

जांबाचं लाकूड चिवट असतं हे सगळेच सांगतात, पण खरी गंमत त्याच्या पानांत आहे. जांबाची पानं समोरासमोर, जोडीने येतात. शेंडा छाटला किंवा मोडला की खालच्या जोडीचे दोन्ही डोळे फुटतात आणि दोन सारख्या फांद्या वर जातात. आयतं बेचकं, म्हणजे दोन फांद्यांचा फाटा! कडुलिंब, चिंच, बाभूळ, संत्रा यांची पानं एकाआड एक, म्हणून तिथे एक फांदी जाड आणि दुसरी तिच्या कडेला फुटलेली, बारीक. लाकूड वाईट नाही, जोडी जमत नाही इतकंच. काटोल-कळमेश्वरकडे कोणाची संत्र्याची बाग असेल आणि छाटणी चालू असेल तर जरूर शोधा, संत्र्याचं लाकूड घट्ट असतं. फक्त सरळसोट वाढलेले पाणसोट घेऊ नका, ते कच्चे असतात, आणि झाडावरच वाळलेली सल, म्हणजे मेलेली फांदीही नको. शेवगा आणि पपईचा विचारही नको. कण्हेर तर मुळीच नाही, तिचा चीक विषारी असतो आणि ही वस्तू लेकराच्या हातात जाणार आहे.

रस्त्याकडेच्या झाडाला हात लावू नका, शहरातल्या झाडांसाठी 1975 पासून वेगळा कायदा आहे. शेजाऱ्यांच्या परसातला जांब विचारून घ्या, किंवा मे-जूनच्या वादळानंतर फेरी मारा. मोडून पडलेल्या ताज्या फांद्या ढिगाने मिळतात.

बेचकं निवडताना सगळे जण अगदी सुबक आकार शोधतात. मी आधी खाच बघतो, म्हणजे दोन फांद्या जिथे भेटतात ती जागा. अरुंद कोनात भेटत असतील तर साल आत दुमडून अडकते, वरून काळी रेघ दिसते. तिथे लाकूड लाकडाला जुळलेलंच नसतं, ताणलं की तिथूनच फाटणार. खाच गोलसर हवी, तळहाताच्या कडेसारखी. फांद्या मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढ्या जाड, टोकांमधलं अंतर सात-आठ सेंटीमीटर, मूठ बारा सेंटीमीटरची. कधी मधली फांदीही जिवंत असलेलं तीन फाट्यांचं बेचकं सापडतं, ते सोडू नका. मधली छाटून टाकली की दोन बाजूच्या उरतात आणि खाच आपोआप रुंद मिळते. कापताना तिन्ही टोकांना चार-पाच सेंटीमीटर जास्तीचं ठेवा.

आता वाळवणं. इथेच माझी पहिली गुलेल गेली. अकरा वर्षांचा होतो, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू होता, आणि मी ताजं सोललेलं बेचकं गच्चीच्या स्लॅबवर ठेवलं, लवकर वाळेल म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुठीपासून खाचेपर्यंत उभी चीर. वर मी तिच्यात फेविकॉल भरला, सुतळी गुंडाळली आणि तशीच वापरली. तिसऱ्या की चौथ्या ताणाला एक फांदी निघून कानाला लागली. कान वाचला, आईच्या हातून पाठ वाचली नाही.

लाकूड टोकांतून झपाट्याने वाळतं आणि मधून सावकाश, म्हणून टोकांना चिरा पडतात. त्यावर उपाय सोपा आहे. कापल्या कापल्या तिन्ही टोकांवर मेणबत्तीचं मेण वितळवून चढवा किंवा ऑइलपेंट फासा, आणि घरात सावलीला ठेवा, कूलरच्या झोतात नाही. उन्हाळ्यात साल राहू द्या, तिच्यामुळे वाळणं मंद होतं. पावसाळ्यात मात्र काढा, नाहीतर खाली बुरशी धरते. किती दिवस? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून वजन लिहीत जा. सुरुवातीला रोज उतरेल, मग चार-पाच दिवस तोच आकडा दिसला की समजा झालं. महिना लागतो, कधी दीड.

मग जास्तीची टोकं कापा, कानस आणि पॉलिश पेपरने घासा. प्रत्येक फांदीच्या टोकाखाली बोटाच्या रुंदीवर उथळ खाचणी करा आणि तिच्या कडा गुळगुळीत करा, कारण रबर कापतं ते धारदार कडेनेच. वरून जवसाचं तेल. हे तेल हवेत सुकून कडक होतं, गोडेतेल तसं होत नाही, चिकटच राहतं. घाणीचं कच्चं तेल सुकायला बरेच दिवस घेतं, रंगाच्या दुकानातलं उकळलेलं लवकर सुकतं. तेलाची चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तेलातून उष्णता निघते आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

रबर बांधण्याआधी परीक्षा घ्या. मूठ टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा आणि दोन्ही फांद्यांना दोर बांधून खाली दहा लिटरची पाण्याने भरलेली बादली लटकवा. मुलीचा ताण तीन-चार किलोचा असेल, इथे दहाच्या वर आहे. कर्र वाजलं तर ते लाकूड चुलीत.

सायकलची ट्यूब आजोबांच्या आठवणीत असेल, पण आजच्या बहुतेक ट्यूब ब्युटाइल रबराच्या असतात. हवा छान धरतात, पण ताणून सोडल्यावर आळशासारख्या परततात. रक्त काढताना दंडाला बांधतात ती लेटेक्सची पट्टी घ्या, मेडिकल चौकाकडच्या सर्जिकल दुकानांत विचारा. मुलीला नेम धरून उभी करा आणि पुढच्या मुठीपासून गालापर्यंतचं अंतर सुतळीने मोजा. लेटेक्स असेल तर त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी पट्टी, ट्यूब असेल तर तिसऱ्या, वर गाठींसाठी चार-पाच सेंटीमीटर. पट्टी कात्रीने एका दमात कापा, काठावर बारीक खरचटा राहिला तर पुढे तिथूनच तुटते. बांधायला सुतळी नको, ट्यूबचीच पातळ पट्टी ताणून गुंडाळा. पट्टी फांदीच्या समोरच्या बाजूला बांधून टोकावरून मागे घ्यायची. गोळी धरायचं चामडं मोच्याकडून मागा, मऊ, आठ बाय अडीच सेंटीमीटर.

डोळ्यांना चष्मा, दोघांच्याही. यात सूट नाही. लाकडापेक्षा रबर जास्त वेळा तुटतं आणि ते सरळ तोंडावर येतं. दरवेळी वापरण्याआधी पट्टी ताणून उजेडात बघा, चीर दिसली की बदला. उन्हात रबर लवकर मरतं, स्टीलच्या डब्यात ठेवा.

कंचे मारायला देऊ नका, भिंतीवरून उलटे येतात आणि फुटले तर काचा. मातीच्या गोळ्या करा, आपटल्या की चुरा होतो. आपली काळी माती वाळताना भेगाळते, तेव्हा तिच्यात बारीक वाळू मिसळा आणि गोळ्या सावलीत वाळवा. निशाण्याला दोरीला टांगलेला डबा, मागे जुनी चादर सैल सोडलेली, ती गोळी झेलते. पाखरांवर नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं तर आहेच, पण मी एक होला पाडला होता आणि तो पोट्टेपणीचा दिवस मला अजून नीट आठवतो.

आजोबांना एक सांगा, त्यांना आवडेल: रबराची गुलेल फार पुरानी नाही. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरने रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचं पेटंट 1844 मध्ये घेतलं, त्यानंतरची ही वस्तू. गुलेल हा शब्द जुना, पण तो आधी गोळ्या मारायच्या धनुष्याचा होता. शेतातल्या मचाणावर आपल्याकडे गोफण चालायची.

आणि तुमचा लिंब. जांब महिनाभर वाळेल, तोवर पोरगी काही गप्प बसणार नाही. लिंबाची बोटभर जाडीची काडी तिच्या हातात द्या, पॉलिश पेपर द्या, खाचणी आणि गुंडाळणं त्यावर दहा वेळा करू द्या. गोळ्याही तिलाच वळायला लावा, शंभर तरी लागतील.