विज्ञान कादंबऱ्यांसाठी खास रचलेले संगीत अल्बम आहेत का? असल्यास ते वाचताना ऐकावेत की वाचून झाल्यावर?

आहेत, आणि त्यातले काही फार सुंदर आहेत. पण तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: पुस्तक वाचून झाल्यावर ऐका. वाचताना आपल्या मनात एक आवाज चालू असतो. अल्बममध्ये निवेदन किंवा गाणी असतील तर ते दोन्ही आवाज एकमेकांना ऐकूच देत नाहीत.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या मंगळवासीयांच्या पृथ्वीवरील हल्ल्याच्या कादंबरीवर जेफ वेन यांनी केलेला 1978चा दुहेरी अल्बम. निवेदन रिचर्ड बर्टन यांचं आहे. तो आवाज एकदा कानात बसला की कादंबरीतला निवेदक कायम त्याच आवाजात बोलू लागतो, म्हणून पुस्तक आधी वाचायला हवं. कादंबरीच्या शेवटाकडे ओसाड पडलेल्या लंडनचं एक प्रकरण आहे. नायक रिकाम्या रस्त्यांवरून चालत असतो आणि कुठूनतरी मंगळवासीयाचा ‘उल्ला, उल्ला’ असा आक्रोश सतत ऐकू येत असतो. वेल्स नुसता शब्द लिहून थांबत नाहीत. दोन सुरांमध्ये हेलकावणारा हुंदक्यासारखा आवाज, असं त्याचं वर्णन करतात. म्हणजे कादंबरी छापली गेली त्या 1898 सालीच संगीतकारासाठी सूचना लिहून ठेवलेली होती! अल्बममध्ये ती हाक पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण पानावर मी ती आधीच ऐकली होती.

पण कादंबरीसोबतच जन्मलेलं संगीत हवं असेल, तर माझ्या मते एक नाव सगळ्यांच्या वर आहे. उर्सुला ले ग्विन यांची ‘ऑलवेज कमिंग होम’ 1985 साली आली तेव्हा एका आवृत्तीत पुस्तकाच्या खोक्यातच एक कॅसेट होती: ‘म्युझिक अँड पोएट्री ऑफ द केश’. केश हे दूरच्या भविष्यात उत्तर कॅलिफोर्नियाच्या एका खोऱ्यात राहणारे लोक. ही कादंबरी म्हणजे जणू त्यांच्याबद्दल कोणा मानववंशशास्त्रज्ञाने जमवलेलं दप्तर आहे. त्यात कथा आहेत, कविता आहेत, विधी आहेत, पाककृतीसुद्धा आहेत. मग त्यांची गाणी नकोत? ले ग्विन यांनी केश भाषेत शब्द लिहिले आणि टॉड बार्टन यांनी संगीत दिलं. केश लोकांची वाद्यंसुद्धा नव्याने कल्पिली गेली. त्यात सात फुटी शिंग आहे, हाडाची बासरी आहे.

ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे खरेखुरे मानववंशशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषा आणि गाणी त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली होती. हे कळल्यावर ती कॅसेट मला वेगळीच ऐकू येऊ लागली. वडिलांनी लोप पावत चाललेले आवाज टिपले आणि मुलीने अजून जन्मालाही न आलेल्या लोकांचे! 2018 साली हा अल्बम पुन्हा निघाला, त्यामुळे आता जुनी कॅसेट शोधत बसावं लागत नाही.

याच जातीचा आणखी एक अल्बम म्हणजे नील स्टीफन्सन यांच्या ‘अनाथेम’साठी (2008) डेव्हिड स्टट्झ यांनी रचलेला ‘आयोलेट’. त्या कादंबरीत गणिताला वाहिलेले मठवासी आहेत आणि हा त्यांच्या मठातला गाण्याचा ठेवा आहे, असं मानून तो ऐकायचा. कानाला जरा कोरडा वाटतो, पण कादंबरी आवडली असेल तर सोडू नका.

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ या वाळवंटी ग्रहावरच्या कादंबरीने तर संगीतकारांना वेडच लावलं होतं. 1979 या एकाच वर्षी क्लाउस शुल्झे यांचा ‘ड्यून’ आणि बर्नार्ड स्झायनर यांचा ‘व्हिजन्स ऑफ ड्यून’ असे दोन अल्बम आले. शुल्झे यांच्या अल्बमची पहिली बाजू म्हणजे जवळपास अर्धा तास सिंथेसायझर आणि चेलो, शब्द नाहीत. कथानक शोधू नका, वाळवंट मिळेल. वाचताना काही लावायचंच असेल तर हीच बाजू लावा.

माइक ओल्डफील्ड यांचा 1994चा ‘द साँग्ज ऑफ डिस्टंट अर्थ’ सुरू होतो तो अपोलो 8च्या अंतराळवीरांनी 1968 साली चंद्राभोवती फिरताना केलेल्या बायबल वाचनाने. ज्या आर्थर क्लार्क यांच्या कादंबरीवर तो आहे, तिच्यात पृथ्वी नष्ट झालेली आहे. ते ठाऊक असताना ही सुरुवात ऐकून पाहा.

‘वाचून झाल्यावर ऐका’ या माझ्या नियमाला केश लोकांचा अल्बम मात्र अपवाद. पुस्तकाच्या मागे त्यांच्या भाषेचा छोटा शब्दकोश दिला आहे. गाणं लावा, ते पान उघडं ठेवा आणि कानावर पडणारा एखादा शब्द त्यात सापडतो का बघा.