थट्टा कुणी कुणाची करायची?

प्रिय बाळा,

काल तू विचारलंस, की शाळेत ‘टीझिंग’ वाईट म्हणतात, कुणी केलं तर टीचरला सांगा म्हणतात. मग तू ‘केळं’ऐवजी ‘केलं’ म्हणालीस आणि मामा ‘काय केलं? कुणी केलं?’ म्हणत सुटला, तेव्हा घरातले सगळे हसले का?

इंग्रजीतला हा शब्द फार ठिकाणी फिरून आलाय. मुळात तो लोकर पिंजण्याचा. आपल्या यॉर्कशरच्या गिरण्यांत टीझल नावाच्या झाडाची वाळलेली काटेरी बोंडं कापडावर फिरवून लव वर काढत. केस विंचरून फुगवणं, सिनेमाचा टीझर आणि माणसाला चिडवणं, सगळ्याला पुढे तोच शब्द लागला. भारतात तर रस्त्यात मुलींची छेड काढण्यालाही ‘ईव्ह टीजिंग’ म्हणू लागले. तमिळनाडूत १९९८ साली एका विद्यार्थिनीचा त्यात जीव गेला, तेव्हा कायदा झाला आणि त्याच्या नावातही हाच शब्द होता. नंतर तो काढून ‘छळ’ या अर्थाचा शब्द घातला. बरं झालं. छळाला खेळकर नाव द्यायचंच नसतं.

आपल्याकडे मस्करी वेगळी, टिंगल वेगळी आणि कुचेष्टा तर अगदीच वेगळी. आणि थट्टा नातं बघून होते. दीर-वहिनी, मेहुणा-मेहुणी, आजोबा-नात, मामा-भाची यांच्यात ती चालते. सासरा आणि सून यांच्यात नाही, असा जुना रिवाज. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. भाऊ वयाने कितीही लहान असो, नवरदेव मुकाट्याने कान पुढे करतो आणि वर त्याला आहेरही देतो. ‘माझ्या बहिणीला नीट सांभाळ’ हे त्या पिळण्यातून सांगायचं असतं.

मामालाही तू उलट चिडवू शकतेस. ‘वेन्झडे’ऐवजी त्याचं ‘वेडनेसडे’ तू ऐकलं आहेसच! पण खरंच लागलं असेल तर ‘मामा, पुरे’ म्हण. तो थांबेल. नाही थांबला तर मी बोलेन त्याच्याशी.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती भोंडल्यातली थट्टा. आश्विनात पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. एका गाण्यात सासरचा वैद्य फाटक्या सदऱ्यात येतो आणि माहेरचा वैद्य झकपक कपड्यांत. पूर्वी लहान वयात लग्नं व्हायची. सासरी तोंडातून शब्द काढायची सोय नसलेल्या त्या मुली फेरात मात्र हे मोठ्याने म्हणायच्या, आणि गाणंच ते, त्यामुळे कुणी रागवायचं नाही. आजीला ते सगळं पाठ आहे. फोनवर म्हणायला सांग, चाल तिचीच ऐकण्यासारखी आहे.

तुझी आई