पाण्यातलं सगळं सकाळीच उरका

डोंगरातल्या तळ्याकाठी पहिल्यांदाच उन्हाळ्याची सुट्टी घालवणार असाल, तर कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) आणि पोहणं सकाळीच उरका. ऊन चढलं की उतार तापतात, दरीतून वर वारा सुटतो आणि सकाळी निवांत दिसणारं पाणी दुपारी चांगलंच हिंदकळतं. नवख्याचे हात तिथेच भरून येतात. म्हणून निघताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवा, परतताना तोच ढकलत आणेल. लाइफ जॅकेट बोटीत ठेवू नका, अंगात घाला.

पाणी वरवर कोमट लागतं, त्यावर जाऊ नका. जरा खाली पाय सोडले की गारठ्यानं कळ येते. अशा पाण्यात धाडकन उडी मारली तर श्वासच आवरत नाही, मग पट्टीचा पोहणाराही गडबडतो. काठावरून हळूहळू उतरा.

हवा गार असली तरी ऊन भाजतंच. दर १००० मीटर उंचीमागे अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. पेडल बोट? मुलं सोबत असतील तर ठीक, एरवी मला तरी कंटाळवाणी वाटते.

डोंगरवाटांचा बेतही दुपारच्या आत आटपा. ढग गडगडले की माथा सोडायचा, पाण्यातूनही बाहेर यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आडोशाला थांबायचं. स्वेटर बॅगेत वरच ठेवा, ऊन कललं की लगेच लागतो.